ट्वेटनांच्या तळघरातला पंप

आमच्या रेड नदीच्या खोऱ्यात लग्न झालं की लोक पलंगाच्या आधी पंप घेतात. थट्टा नाही, इतकी वर्षं मीच विकतोय. हिमयुगात इथं समुद्राएवढं तळं होतं. ते आटलं, आणि त्याच्या सपाट तळावर आम्ही बीट लावतो, घरं बांधतो. प्रत्येक तळघरात पाणी झिरपतं. पंप घरघरत असला तरच आमच्याकडच्या माणसाला झोप लागते.

पण त्या ऑगस्टमध्ये कोरडा दुष्काळ होता. शेतातल्या भेगांत हात जायचा. अशात बोर्गहिल्ड ट्वेटनचा फोन आला. "आर्ने, आमचा पंप थांबतच नाही रे. आणि सेल्मर तळघरातून वर येत नाही, जेवायलासुद्धा. तू तरी समजाव."

भर दुपारी गेलो. ती स्वयंपाकघरात कॉफी करत होती. खाली तिचा नवरा सेल्मर झिरपतं पाणी साठायच्या खड्ड्याशी बसलेला, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा पंपावर हात ठेवून.

"आला दुकानदार! आता मला याहून मोठा विकणार."

"विकेन की. आधी वर चल, बायको रडकुंडीला आलीय."

"तिच्यासाठीच बसलोय, गाढवा. हा बंद पडला की..."

पंपात खरखर होती. नीट ऐकावं म्हणून मी सवयीनं बटण बंद केलं.

शांतता. ओल्या दगडाचा गार वास. मग लाटा... खालून नव्हे, वरून. छपराच्याही खूप वरून. आणि काहीतरी अवजड घराला घासत सरकलं.

"बोर्गहिल्ड!" सेल्मर ओरडला.

मी जिना चढून धावलो. ती खुर्चीत ताठ बसली होती, गाल फुगवून, श्वास कोंडून. तिचे पांढरे केस वर उठून संथ डोलत होते. फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

खाली पंप पुन्हा घरघरला. केस खांद्यावर पडले. धापा टाकत ती म्हणाली, "आर्ने... दूध घालू?"

"दोघंही गाडीत बसा. आत्ता!"

"जायचं कुठं?" सेल्मर खालून म्हणाला. "तुझं गावही त्याच तळ्याच्या तळात आहे. दुसरा पंप आण. हा फार वेळ टिकायचा नाही... पळ!"

नवा पंप घेऊन परतलो, तेव्हा अंगणातच कळलं. घरघर नव्हती. दार उघडं. टेबलावर दोन कप, त्यातून अजून वाफ निघत होती. तळघरात कुणी नाही, खोल्यांत कुणी नाही, पाण्याचा थेंब नाही.

हाका मारत स्वयंपाकघरात आलो आणि सहज मान वर केली. छताला चार तळहातांचे ठसे होते, दोन मोठे, दोन लहान, जोर लावून वर ढकलल्यासारखे.

अजून ओले.