ताईची सही

लग्नाच्या दिवशी सकाळी ताई धाकट्या भावाच्या शर्टाला इस्त्री करत होती, आणि तो तिच्याकडे न पाहताच आईला म्हणाला, "तिला यायचं असेल तर येऊ दे." दोन वर्षं तो ताईशी असाच आईमार्फत बोलत होता... तरी आज बोलावणं तर आलं, या आनंदात तिने तीच कॉलर दुसऱ्यांदा दाबली!

ताई रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायची. दोन वर्षांपूर्वी धाकटा विमान चालवायला शिकत होता. एका दुपारी मित्रांच्या पार्टीतून त्याला उचलूनच रुग्णालयात आणलं. अंग भट्टीसारखं तापलेलं, भिंती वितळताहेत म्हणून किंचाळणं, मग झटके... त्याच्या खिशात ताईला नखाएवढा रंगीत कागद सापडला. विकणाऱ्याने कुठल्याशा जुन्या नशेचं नाव सांगितलं होतं म्हणे. पण असल्या कागदावर पुष्कळदा कुणीतरी चोरून बनवलेलं भलतंच रसायन असतं, हे ती जाणून होती. मिठाच्या कणाएवढंही पुरतं. एका तुकड्यावर थोडं, शेजारच्यावर चौपट! रक्तवाहिन्या आवळतात, अंगातली आग मेंदूपर्यंत पोचते.

डॉक्टर जवळ येताच आईने तिचा हात धरला. "बोलू नकोस गं, नशेचं कळलं तर त्याचं विमान चालवणं जाईल."

ताईने हात सोडवला आणि कागद डॉक्टरांपुढे धरला. त्यांनी लगेच बर्फ मागवला, झटके थांबवणारं इंजेक्शन दिलं. जीव वाचला, पण नशेची नोंद झाली आणि विमान गेलं.

आईला हे सारं लपवायचं होतं, हे ताईने त्याला कधीच सांगितलं नाही. माझ्यावर रुसला तर रुसू दे, पण त्या मायलेकरांत अंतर नको... हे मौन तिने आपणहून पत्करलं होतं.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात ते डॉक्टरही आले होते. धाकटा आता विमानांची इंजिनं दुरुस्त करतो हे ऐकून ते खूश झाले आणि नवरीला कौतुकाने म्हणाले, घरचेच गप्प राहा म्हणत असताना ही ताई बोलली, म्हणून तुमचा नवरा आज उभा आहे.

धाकट्याचा चेहरा उतरला. "कोण म्हणत होतं गप्प राहा?"

"आठवत नाही रे," ताई म्हणाली.

"मी म्हणत होते," आई म्हणाली. "मी तुझं विमान वाचवत होते, हिने तुला वाचवलं. आणि माझ्या वाटचा राग दोन वर्षं हिनेच सोसला."

धाकटा ताईसमोर आला. "मला वाटायचं, तुला माझ्यापेक्षा नियम मोठा."

"नियम कसला, वेड्या... मला तू हवा होतास."

त्याने एका हाताने तिला कवटाळलं, दुसऱ्याने रडणाऱ्या आईला ओढून घेतलं. नवरीने साक्षीदार म्हणून उभ्या असलेल्या त्याच्या मित्राच्या हातून पेन काढून ताईच्या हाती दिलं. ताई वाकली, आणि टपकन एक थेंब नोंदवहीवर पडला.

"बाई, सही शाईने करायची असते," कारकून म्हणाला, आणि सगळं कार्यालय हसलं... सर्वांत मोठ्याने ताई!