सातची गाठ

नखं कुरतडणारी मुलं, तंबाखू मळणारे कारकून, घराबाहेर पडताना दहादा कुलूप ओढून बघणाऱ्या बायका, सगळे गाठसोड केंद्रात यायचे आणि तासाभरात मोकळे होऊन घरी जायचे. कुमुद देवरुखकरची मात्र ही तिसरी खेप होती. तिचा नवरा सदानंद, एसटी डेपोतला मेकॅनिक, बावीस वर्षं रोज संध्याकाळी पीत होता. यकृत जवळजवळ संपलं होतं. उरले होते चार महिने, फार तर पाच.

डॉ. मृणाल टिपणीसांनी पडद्यावर त्याच्या मेंदूचा नकाशा उघडला.

"एखादी गोष्ट रोज त्याच वेळी, त्याच जागी केली, की मेंदूच्या खोल भागात पेशींचे धागे एकमेकांत अडकतात. ही सवयगाठ. ती पडली की माणूस ठरवत नाही, गाठ ठरवते. आम्ही ती किरणांनी सोडवतो. आठवणी दुसरीकडे असतात, त्यांना धक्का लागत नाही."

"मग सोडवा ना! अडतंय कुठे?"

"ते प्यायचे कुठे?"

"घरीच. सातला यायचे, हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचे. मी भाकऱ्या थापायची, ते पीत पीत डेपोतल्या गमती सांगायचे. कधी हात उचलला नाही हो माझ्यावर."

"तेच अडतंय," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "दारू, सातची वेळ, उंबरा, तुमचा आवाज, सगळे धागे एकाच गाठीत आहेत. दारूचा तेवढा सुटा निघत नाही. गेली तर सगळी गाठ जाईल."

कुमुदने बाहेर बाकावर पोट धरून बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "माणूस तर राहील?"

"राहील. पण नंतर एक थेंबही चालणार नाही. गाठ परत पडली, तर पुन्हा सोडवण्याइतकं त्यांचं शरीर टिकणार नाही."

सदानंदने कागदावर सही केली. त्याच्याखाली तिने केली.

माणूस राहिला. डोळ्यांतला पिवळेपणा ओसरला, गालांवर मांस आलं. शेजारच्या बायका तिला नशीबवान म्हणू लागल्या. फक्त सात वाजता तो घरी येईनासा झाला. डेपोतच बसून राहायचा, कुणी हटकलं की उठायचा. लग्नाची तारीख, तिच्या आईचं आजारपण, त्याला सगळं आठवत होतं. ओढ तेवढी नव्हती.

"नवी सवय लावता येते," डॉक्टरांनी सांगितलं. "रोज तीच वेळ, तीच जागा, आणि शेवटी मेंदूला काहीतरी सुख मिळायला हवं. सुखाशिवाय गाठ बसत नाही."

कुमुद रोज साडेसहाला फोन करू लागली. तो यायचा, सांगितलं म्हणून उंबऱ्यावर बसायचा. तिने घावणे केले, सुरमई तळली, लग्नातली पैठणी नेसून पाहिली. तो जेवायचा, "छान झालंय" म्हणायचा आणि भिंतीकडे बघत राहायचा.

तीन महिन्यांनी एका संध्याकाळी तो म्हणाला, "कुमुद, हे किती दिवस करायचं? रागावू नकोस. मला इथं बसून काही वाटत नाही."

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना एकच विचारलं. "बावीस वर्षं ते माझ्यासाठी घरी येत होते की बाटलीसाठी?"

डॉक्टरांनी पडद्यावरचा नकाशा मिटला. "त्यांच्या मेंदूत त्या दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या, कुमुदताई."

"म्हणजे थोडी मी होते."

"होतात. किती, ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही."

परतीच्या वाटेवर ती बाजारात थांबली. आयुष्यात पहिल्यांदाच दारूच्या दुकानाची पायरी चढली. त्या संध्याकाळी तिने भाकरी थापली आणि उंबऱ्यावर त्याच्यापुढे पेला ठेवला. दोन चमचे, जास्त नाही. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तरी तिने पेला उचलून घेतला नाही. तो पेल्याकडे पाहत राहिला, मग प्यायला. तोंड वाकडं केलं. आणि कितीतरी दिवसांनी त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

नवव्या दिवशी तिने फोन केला नाही. पावणेसातलाच दार वाजलं. पीठ माखल्या हातांनी तिने ते उघडलं.

"कुमू," सदानंद हसत म्हणाला, "अगं, आज डेपोत काय गंमत झाली माहितीये?"

ती दारातून बाजूला सरली. तो उंबऱ्यावर टेकला आणि सांगत सुटला. ती ऐकत होती, हसत होती, आणि हसता हसताच तिने पेल्यात तिसरा चमचा ओतला.