दाराआडून ‘ये’

मी हे रंगवून सांगत नाहीये. रंगवायला मला जमतही नाही.

प्राप्ती माझी मावसबहीण. लहानपणी झुरळ हाताने उचलून बाहेर टाकणारी मुलगी. तिने हे मला सांगितलं तेव्हा ती दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हती. आणि शेवटचा प्रसंग घडला तेव्हा मी स्वतः त्या दारात उभी होते. त्यामुळे ज्याला हसायचं असेल त्याने खुशाल हसावं.

गेल्या वर्षीची गोष्ट. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. ठिकाण, उलवे. बिल्डिंगचं नाव सांगणार नाही, कारण तिथे अजून माणसं राहतात.

प्राप्तीचा नवरा अल्पेश कंटेनरचा ट्रेलर चालवतो. पेणजवळच्या गावातून रोज बंदरावर ये-जा जमेना, म्हणून दोघांनी उलव्यात एक खोली-किचन भाड्याने घेतलं. दुसरा मजला, छोटी गॅलरी, वारा छान. मालकाची एकच अट होती. भिंतीला खिळा मारायचा नाही.

आता खिळा मारायचा नाही म्हणजे घर लावायचं तरी कसं? पण आमची प्राप्ती हटणारी नव्हे. कॅलेंडर तिने खिडकीच्या ग्रिलला सुतळीने बांधलं. रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली. हळदीला नेसलेल्या साडीचा पडदा शिवला. सासरच्या मिठागरातलं जाडं मीठ बरणीत भरून ओट्यावर ठेवलं.

तरी घर काही घरासारखं वाटेना. नुसतं खोकललं तरी आवाज घुमायचा. अल्पेश दोन-दोन दिवस गाडीवर. ही एकटी बसून मला फोन करायची.

“लॉजवर उतरल्यासारखं वाटतंय गो ताई.”

शेवटी कमळमावशीने, म्हणजे तिच्या आईने, उपाय सांगितला.

“घराशी बोलत जा. रिकाम्या घरान मुक्यानं वावरू नये. भायेर निघताना त्याला सांगून निघायचं. येते म्हणून.”

आपल्याकडे ‘जातो’ कुणी म्हणत नाही. जाणाऱ्याने ‘येतो’ म्हणायचं, घरातल्याने ‘ये’ म्हणायचं. चुकून कुणी ‘जातो’ म्हटलंच, तर आई तिथल्या तिथे दटावते. जातो म्हणू नये, येतो म्हण. जातो म्हणजे कायमचा.

तर प्राप्ती रोज कुलूप लावताना दाराकडे बघून म्हणायला लागली, “येते हां.”

अल्पेशला मात्र ही सवय नव्हती. गाडीची चावी उचलायची की हा सटकला. प्राप्ती त्याच्या मागे लागायची.

“मुक्यानं जाऊ नको. तू गाडीवरचा माणूस. घराला सांगून जा.”

मग तो मस्करी करत दाराला सलाम ठोकायचा. “येतो गो घरबाई!”

ती खळखळून हसायची. खरंच, त्या आठ दिवसांत तिला ते घर आपलं वाटायला लागलं.

मग तो मंगळवार आला.

सकाळचे दहा वाजले होते. लख्ख ऊन. अल्पेश आदल्या दिवशीच पुण्याकडे गेलेला. प्राप्ती भाजी आणायला निघाली. दार ओढलं, किल्ली फिरवली आणि सवयीने म्हणाली, “येते हां.”

आतून आवाज आला...

“ये.”

म्हाताऱ्या बाईचा आवाज. शांत. किचनमध्ये कामात असलेलं माणूस मान वर न करता म्हणतं ना, तसा.

प्राप्ती दोन पायऱ्या उतरलीसुद्धा. मग तिचे पाय थांबले.

घरात तर कुणीच नव्हतं.

शेजारचा टीव्ही असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. भाजी घेऊन परत आली, सगळं घर पाहिलं. खाट, कपाट, मोरी. सगळं जागच्या जागी होतं.

फक्त ओट्यावर एक ताट पालथं घातलेलं होतं... ओलं.

सकाळपासून तिने चहा-बिस्किटाशिवाय काही खाल्लं नव्हतं. ताट तिने काढलंच नव्हतं.

पुढचे दोन दिवस ती तोंड मिटून बाहेर पडली. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तिला राहवलं नाही. कुलूप लावून ती दाराला कान लावून उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “येते...”

“ये.”

आवाज दाराच्या अगदी मागून आला.

दुपारी अल्पेश घरी आला, तेव्हा तिने त्याला सांगितलं. तो म्हणाला, “एकटी ऱ्हातेस ना, म्हनून भास होतात. चार दिवस माहेरी जाऊन ये.” नवऱ्यांकडे या असल्या गोष्टींवर दुसरं उत्तर नसतंच.

त्याच दिवशी, शुक्रवारी, संध्याकाळी सहाच्या सुमाराला अल्पेश पुन्हा निघाला. प्राप्ती गॅलरीत कपडे काढत होती. दारातून त्याची हाक आली.

“येतो गो!”

ती ‘ये’ म्हणणार, इतक्यात...

किचनमधून आवाज आला.

“ये बाला.”

अल्पेशला वाटलं, बायकोच बोलली. जिन्यावरून त्याचं हसणं ऐकू आलं. “आज बाला काय म्हनतेस गो!”

दार बंद झालं. मोटरसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. आणि प्राप्ती गॅलरीत, हातात त्याचाच ओला शर्ट धरून उभी.

गॅलरी आणि दार यांच्या मध्ये किचन होतं. बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

तिन्हीसांज झाली. आत अंधारायला लागलं. आतून कसलाच आवाज येत नव्हता... पंख्याचाही नाही. पंखा तर ती चालू ठेवून आली होती.

शेवटी देवाचं नाव घेऊन ती धावत सुटली. किचनकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण नजर गेलीच.

जमिनीवर ताट वाढलेलं होतं. भात आणि सुकटीचं कालवण. भातातून वाफ निघत होती.

तिने त्या दिवशी सुकट केलीच नव्हती. घरात सुकट आणलेलीच नव्हती.

समोर केसरबेन राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं खाली किराण्याचं दुकान. प्राप्ती त्यांच्या दारात जाऊन मटकन बसली. केसरबेननी पाणी दिलं आणि तिचं बोलणं ऐकून कपाळाला हात लावला.

“मालकाने नाय सांगितलं तुला? तुमच्या अगोदर गोदूबाई होती तिकडे. मुरुडची. एकच मुलगा, विनेश, जहाजावर नोकरीला. जाताना ‘येतो’ बोलला, ही ‘ये बाला’ बोलली. मी इथेच उभी होते.”

“मग?”

“मग काय बेन. रोज सांजे ताट वाढून बसायची. दोन वरस. बोलायची, येतो बोललाय ना, मग येणारच. एक दिवस दार उघडंच दिसलं. ही ताटासमोर बसलेली, भिंतीला टेकून. हाक मारली, हलवली... संपलं होतं सगळं. भात गरम होता अजून.”

“आणि मुलगा?”

“तो परत आलाच नाय.”

आता प्राप्तीला नीट कळलं, काय झालंय ते. अल्पेश येतो म्हणाला होता. आणि ‘ये’ म्हणणारी ती नव्हती, दुसरीच कुणीतरी होती. त्याला ही सवय लावली कोणी? तिनेच. घर आपलं वाटावं म्हणून.

फोन करून त्याला शब्द मागे घ्यायला सांगावं, तर म्हणणार काय? ‘जातो’ म्हण? हायवेवर असलेल्या नवऱ्याला?

ती घरात पाऊल ठेवायला तयार नव्हती. अल्पेश रविवारी परत येईपर्यंत केसरबेनच्या घरी झोपली. त्याने खूप चेष्टा केली, पण तिचा उतरलेला चेहरा बघून आठवड्याच्या आत दुसरी जागा शोधली. करंजाड्याला. सामान टेम्पोत चढलं, तेव्हा प्राप्तीने अल्पेशचा हात घट्ट धरला.

“आज काय बोलू नको. मुक्यानं उतर.”

“कमाल हाय तुझी. आधी बोल म्हनतेस, आता नको म्हनतेस!”

पण तो बोलला नाही. दार लागलं. आतून आवाज आला नाही. प्राप्तीला वाटलं, सुटलो.

करंजाड्याच्या घरात खिळे मारायला परवानगी होती. तिने पहिल्याच दिवशी हातोडी घेऊन कॅलेंडर टांगलं आणि मला फोटो पाठवला. पुढच्या शनिवारी मी घर बघायला गेले. अल्पेश सकाळी गाडीवर गेला होता. ‘येतो’ म्हणाला, तशी ही घाईघाईने, ओरडूनच म्हणाली होती, “ये!” मला सांगताना स्वतःच हसत होती.

दुपारी चारला त्याचा फोन आला.

“गाडी लावली. येतो अर्ध्या तासान.”

आम्ही चहा ठेवला. साडेचार झाले. पाच झाले. फोन वाजत होता, उचलत कुणी नव्हतं. चहा दोनदा गरम केला. साडेपाचला प्राप्तीचा फोन वाजला... केसरबेनचा होता.

“अल्पेशभाईची मोटरसायकल खाली उभी हाय. पण वर तर कुलूप हाय. तुम्ही आलात काय इकडे?”

रिक्षात प्राप्ती माझं मनगट धरून बसली होती. तिच्या नखांचे वळ दोन दिवस राहिले.

दाराला बाहेरून मालकाचं कुलूप होतं. मी स्वतः ओढून पाहिलं. अल्पेशकडे किल्ली नव्हती, ती कधीच परत दिली होती. मालक येईपर्यंत आम्ही तिघी जिन्यात उभ्या होतो. आतून ताटावर वाटी टेकल्यासारखा आवाज आला... एकदाच.

मालकाने कुलूप काढलं.

रिकामं घर. फरशीवर धुळीचा थर. आणि किचनमध्ये अल्पेश मांडी घालून बसलेला.

समोर ताट. जेवण संपत आलेलं. हाताला भात.

त्याने वर बघितलं. प्राप्तीकडे नाही... तिच्या जरा बाजूला, ओट्याकडे.

“कालवन मस्त झालंय,” तो म्हणाला. “आनखी थोरं वाढ.”

प्राप्ती किंचाळली. मग कुठे तो भानावर आला. इथे कसा आलो, आत कसा शिरलो, काही सांगता येईना. सारखं एकच म्हणत होता, “घरीच तर आलो ना मी?” आम्ही त्याला दोन्ही दंडांना धरून बाहेर आणलं. धुळीत त्याच्या पावलांचे ठसे होते, पण फक्त किचनमध्ये. दारापासून तिथपर्यंतची धूळ आमची पावलं सोडली तर कोरी होती.

मालक कुलूप लावायला लागला. आणि अल्पेशने मागे वळून, अगदी सहज, सवयीने म्हटलं...

“येतो.”

प्राप्तीने त्याच्या तोंडावर हात दाबला. उशीर झाला होता.

मी ऐकलं. केसरबेननी ऐकलं. मालकाच्या हातातून कुलूप खाली पडलं, म्हणजे त्यानेही ऐकलं.

“ये बाला.”

या गोष्टीला आता पाच महिने झाले. नारळ उतरवले, हरिहरेश्वरला जाऊन अभिषेक केला. मालकाने ती खोली बंदच ठेवली आहे. अल्पेश गाडीवर जातो, वेळेवर घरी येतो. पुन्हा कधी तिकडे गेला नाही. निदान आमच्या माहितीत तरी नाही. फक्त घरी त्याची भूक कमी झाली आहे. जेवून आलोय म्हणतो.

गेल्या गुरुवारी प्राप्तीचा फोन आला. सकाळची वेळ होती, मी डबे भरत होते.

“ताई, अल्पेश आत्ता गेला. हल्ली निघताना ‘येतो’ म्हणत नाही तो.”

मी म्हटलं, “बरं झालं. सुटली ती सवय.”

फोनमधून दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

“तसं नाही गो,” ती म्हणाली. “दारात उभा राहतो, माझ्याकडे बघून हसतो... आणि ‘जातो’ म्हणतो.”