मास्तरांचा अर्धा चहा

अर्धा चहा टाकून उठणाऱ्या माणसाचा मला मनस्वी राग येतो. नको असेल तर नको म्हणावं, घेतला तर पुरा प्यावा. आमचे मास्तर मात्र रोज घ्यायचे आणि रोज निम्मा कप तसाच ठेवून "येतो हं आजी" म्हणत बुटात पाय सरकवायचे. आधी मला वाटलं साखर कमी पडते. मग वाटलं जास्त होते. शेवटी मी स्वतः कप तोंडाला लावून पाहिला. चहात काही खोट नव्हती. खोट मास्तरांत होती.

आणि हे 'आजी' कसलं? मी माझ्या नातवाची आजी. कानशिलावर केस पिकायला लागलेल्या बाप्याची नव्हे.

मास्तर यायचे ते या नातवासाठीच. आम्हा ज्यू लोकांत मुलगा तेरा वर्षांचा झाला की त्याचा बार मिट्झ्वा करतात. म्हणजे पोर आता मोठं झालं, त्याच्या बऱ्यावाईटाला तेच जबाबदार. शनिवारच्या प्रार्थनेत सिनेगॉगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून त्यानं तोरामधला आपल्या वाट्याचा पाठ गाऊन दाखवायचा. तोरा म्हणजे आमचा धर्मग्रंथ, चामड्याच्या लांबलचक गुंडाळीवर हातानं लिहिलेला. त्यावर नुसती अक्षरं. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, याची एक खूणसुद्धा नाही. ते सगळं पोरानं कानानंच पाठ करायचं. म्हणून मास्तर पाठ गाऊन फोनवर रेकॉर्ड करून द्यायचे आणि पोरं ते ऐकून ऐकून घोटायची.

आमच्या नातवाला घोटायची गरजच नव्हती. त्याचं घरातलं नाव पोपट. जे ऐकेल ते जसंच्या तसं तोंडात. कुकरची शिट्टी, बापाची शिंक, शेजारणीचं भांडण, सगळं. मास्तर खूश. "आजी, असा कान लाखात एखाद्याला!"

"माझा आहे," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

आता माझ्या धाकट्या लेकीबद्दल सांगते. पोपटाची आत्या. पुरुषांचे कोट शिवते. गावातले निम्मे नवरदेव तिच्या हातचा कोट घालून लग्नाला उभे राहिले. तिला मात्र आजवर एकही पसंत पडला नव्हता. "मापात बसत नाही," म्हणायची. मास्तर पहिल्यांदा आले त्या दिवशी ती पोपटाच्या नव्या कोटाची बाही लावत होती. बेल वाजली, ही तशीच उठून दार उघडायला गेली, ओठांत टाचण्यांची रांग धरून. दारात मास्तर. बाहेर भुरभुर पाऊस, यांच्या चष्म्यावर थेंब. एकीला टाचण्यांमुळे बोलता येईना, दुसऱ्याला कशामुळे बोलता येईना ते देव जाणे. दोघं एकमेकांकडे बघत उभे! मीच आतून ओरडले, "आत घ्या, नाहीतर दार लावा, पाणी येतंय!"

तिनं टाचण्या काढल्या आणि हसली. मास्तर पायपुसण्याला अडखळले.

तेव्हापासून चहा न्यायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं. मी खोलीबाहेर भाजी निवडत असायची. कान माझे लाखात एक, ते काय बंद करून ठेवू?

"मास्तर, तुमच्या कोटाचं बटण लोंबतंय."

"हो… बरेच दिवस."

"मग शिवून का घेत नाही?"

"शिवून देणारं… म्हणजे, शिंप्याकडे जायला वेळ…"

"शिंपी समोर उभा आहे."

"हो, ते… दिसतंय."

"काय दिसतंय?"

"बटण," मास्तर म्हणाले.

सांगा आता! पोरांना शिकवताना म्हणायचे, घाबरायचं नाही, छाती पुढे काढायची, शेवटच्या बाकापर्यंत आवाज गेला पाहिजे. आणि स्वतःचा आवाज बटणाच्या पलीकडे जात नव्हता. लेकीनं कोट काढून घेतला, बटण लावलं, दातानं दोरा तोडला. मास्तरांनी तो कोट असा घातला की जणू काचेचा आहे.

दिवस जवळ आला तशी घरात नुसती धांदल. सून पाहुण्यांच्या खुर्च्या मोजतेय, मुलगा भाषण पाठ करतोय, पोपटाची उंची वाढली म्हणून लेक पाटलोणीची दुमड उसवतेय. अशा गडबडीत मास्तर कपाकडे बघत म्हणाले, "यानंतर मी दुसऱ्या शहरात जाणार आहे. मोठ्या सिनेगॉगमध्ये जागा मिळालीय. बार मिट्झ्वा झाला की निघेन."

लेक "अभिनंदन" म्हणाली आणि कप उचलून आत आली. शिलाई मशीन इतकं जोरात चालवलं की मला वाटलं टेबलासकट उडतंय.

"तूच बोल की त्याच्याशी," मी म्हटलं.

"मी? दुसऱ्यांच्या पोरांना धीर देतो, स्वतःपुरता नाही का सापडत त्याला? मी नाही बोलणार, आई."

माझ्यावर गेलीय. काय करणार?

त्याच आठवड्यात पोपट माझ्यासमोर पाठ म्हणून दाखवत होता. मला अक्षरं वाचता येत नाहीत फारशी, पण आमचे पाठ मी जन्मभर ऐकतेय. चांगलं चाललं होतं. आणि एका ठिकाणी गडी थांबला. मध्येच! एक खोल श्वास घेतला आणि पुढचे शब्द असे हळुवार, थरथरत म्हटले, की माझ्या हातातली शेंग खाली पडली.

"विसरलास?"

"विसरेन कसा? मास्तर असंच म्हणतात." त्यानं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं.

मास्तरांचा खणखणीत आवाज… मग दार करकरलं. कपबशी किणकिणली. मास्तर थांबले. श्वास घेतला. आणि पुढे त्यांचा आवाज असा मऊ झाला की बस्स! आमच्या पोपटानं तो जसाच्या तसा गळ्यात उतरवला होता. दार आणि कपबशी सोडून सगळं.

मी मास्तरांना सांगितलं, "पोरगा एका जागी थांबतोय." कुठे ते त्यांनी ऐकलं आणि त्यांचे कान लाल झाले. "नव्यानं रेकॉर्ड करू या… फक्त त्या वेळी कुणी आत येऊ नये."

"कुणी म्हणजे कोण?" लेकीनं विचारलं.

"म्हणजे… सर्वसाधारणपणे."

दार लावलं. आम्ही मायलेकी बाहेर. ती हातात कप घेऊन. आत मास्तर सुरू झाले. सुरेख, स्वच्छ, न अडता. ती जागा आली… आणि मास्तर थांबले! दार उघडलं नव्हतं, कपबशी वाजली नव्हती, तरी थांबले. पहिल्याहून जास्त थांबले. वाट बघत होते हो बिचारे!

लेकीनं तोंडावर हात दाबला. डोळे असे चमकत होते की मी दुसरीकडे बघितलं.

"रेकॉर्डिंग परत करायला सांगू?" मी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "असू दे."

शनिवार उजाडला. सिनेगॉग भरगच्च. आम्ही बायका वर सज्जात, सगळ्यांच्या मुठीत मऊ गोळ्या. पाठ झाला की त्या मुलावर उधळायच्या, पुढचं आयुष्य गोड जावं म्हणून. खाली पोपट नव्या कोटात, शेजारी मास्तर. चुकला तर शब्द सांगायला. पोपटानं सुरुवात केली आणि माझ्या अंगावर काटा आला. काय आवाज! वाटलं सगळ्यांना ओरडून सांगावं, कान माझा आहे.

आणि ती जागा आली. पोपट थांबला.

सगळे पुढे झुकले. सिनेगॉगचे कारभारी मोठ्यानं पुढचा शब्द सांगून मोकळे झाले. मास्तर पार पांढरे पडले. पोपट मात्र शांत. त्यानं सावकाश श्वास घेतला, ते हळुवार शब्द म्हटले आणि पाठ एका दमात पुरा केला. वरून गोळ्यांचा मारा झाला. लेकीनं मात्र आपली गोळी मुठीतच धरून ठेवली.

प्रार्थनेनंतर शेजारच्या दालनात चहा होता. कारभाऱ्यांनी पोपटाच्या पाठीवर थाप मारली. "छान रे! मध्ये जरा विसरलास, पण चालायचंच."

पोपटाला असा अपमान सहन होतो होय? "मी काहीच विसरलो नाही! मास्तर तिथे थांबतात." आणि सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा, शिकवलेल्या आवाजात म्हणाला, "तिथे आत्या येते!"

कपबश्यांचे आवाज थांबले. सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मग लेकीकडे. मास्तरांच्या हातात अर्थातच अर्धा कप.

लेक त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "अडल्यावर काय करायचं म्हणून शिकवता पोरांना?"

"श्वास घ्यायचा…" मास्तर पुटपुटले, "आणि पुढचा शब्द म्हणायचा."

"मग घ्या."

मास्तरांनी घेतला. "मला त्या शहरात… म्हणजे मला इथून…"

"पुढचा शब्द."

"तुमच्याशिवाय जायचं नाहीये! मी तिकडे नाही म्हणून कळवतो, नाहीतर तुम्ही… माझ्याशी लग्न कराल?" शेवटच्या खुर्चीपर्यंत आवाज गेला.

तिनं मुठीतली गोळी नेम धरून फेकली. ती मास्तरांच्या चष्म्यावर आपटून त्यांच्याच कपात पडली. "शहर कुठलंही चालेल," ती म्हणाली. "कोट सगळीकडे लागतात."

मग काय, सज्जात उरलेल्या गोळ्या बायकांच्या पिशव्यांतून निघाल्या. सून रडतेय, पोपट ओरडतोय, कारभारी विचारतायत काय झालं. चष्मा वाकडा झालेले मास्तर गर्दीतून माझ्याकडे आले. "आजी…"

मी हात वर केला.

"आजी नातवाची. तुम्ही मला आता काय म्हणायचं ते लेकीला विचारा. आणि निकाल ऐका, मास्तर. पोरगा पहिल्या नंबरानं पास. तुम्ही काठावर. आता तो कप पुरा करा, गोळीसकट. माझ्या जावयानं टाकलेला चहा मी नाही ओतून देणार!"