चार नंबरची चादर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटत नसेल त्यानं इथेच थांबावं. मला वाद घालायचा नाही.

सेवास्ती माझी शेजारीण. ग्रीसमधल्या पिरियस बंदरात आमचा जिना एकच. तिनं हे मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. फक्त तिच्या माहेरच्या बेटाचं नाव लिहायचं नाही, अशी अट घातली.

"भाऊ आहे शेवटी," म्हणाली.

मला ती अट पटलेली नाही. पण शब्द दिलाय.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. लख्ख दुपारची आहे. दोन ते साडेपाच त्या गावात दुकानं बंद, दारं बंद. किनाऱ्यावर फक्त अंग भाजून घ्यायला आलेले पाहुणे. बाकी सगळं गाव झोपलेलं.

त्याच वेळेत हे घडलं.

सेवास्तीची आई अर्गिरो चार जुलैला गेली. जन्मभर तिनं सुट्टीवर येणाऱ्यांच्या चादरी धुतल्या. समुद्राकडे तोंड करून सहा खोल्या. त्या भाड्यानं देऊनच दोन मुलं वाढवली. मशीन आलं तरी ती चादरी परसातल्या दगडी हौदावरच धुवायची. हिरव्या साबणानं. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं खोलीचा आकडा. आणि वाळत घालताना चिमटे नाहीत. उत्तरेचा वारा चिमटे उडवतो, म्हणून चादरीची दोन्ही टोकं दोरीला गाठ मारून बांधायची.

स्वतःसाठी तिनं एकच चादर ठेवली होती. लग्नाआधी विणलेली, वीतभर झालरीची. पेटीच्या तळाशी. "मला हिच्यात गुंडाळून न्या." चाळीस वर्षं एवढं एकच मागणं.

सेवास्ती वेळेवर पोचू शकली नाही. वाऱ्यामुळे बोटी दोन दिवस बंदरातच बांधून ठेवलेल्या. ती उतरली तेव्हा आई मातीत गेली होती.

निदान चाळिसाव्याची प्रार्थना तरी नीट व्हावी, एवढंच तिच्या मनात होतं. चाळीस दिवस जीव घरात घोटाळतो आणि मग निघतो, हे तिकडे शेंबडं पोरही सांगेल.

धाकटा भाऊ याकुमिस फोनवर म्हणाला, "ताई, चाळिसावा बारा ऑगस्टला येतो. शनिवार! खोल्या भरलेल्या. पाद्रीबाबा, लोकांची कॉफी, शिजवलेले गहू... कोण करणार? ऑक्टोबरला करू. सीझन संपला की."

"अरे, आईचा जीव ऑक्टोबरपर्यंत थांबेल का?"

"थांबेल. सवय आहे तिला. सीझनमध्ये तिनं कधी काही मागितलंय?"

सेवास्तीनं फोन आपटला. मग वर्षाची दहा दिवसांची सुट्टी टाकली आणि सहा ऑगस्टला, रविवारी, बेटावर उतरली.

भावानं तिला खोली दिली नाही. सगळ्या भरलेल्या. आईच्या स्वयंपाकघरात खाट टाकून दिली.

सोमवारी दुपारी तीन वाजता तिला जाग आली.

छप्... छप्... छप्...

परसात कोणीतरी दगडावर ओलं कापड आपटत होतं.

तिला वाटलं, असेल कामवाली. कूस बदलली. मग एकदम आठवलं. आई गेल्यापासून चादरी बंदरावरच्या लाँड्रीत जातात. हौद कोरडा आहे.

आवाज थांबला. पाणी निथळू लागलं...

ती परसात गेली. कोणी नव्हतं. हौदाचा दगड ओला होता. दोरीवर एक पांढरी चादर. कोपऱ्यात लाल दोऱ्यानं एक आकडा. १.

चादरीच्या दोन्ही टोकांना गाठी होत्या.

एक नंबरच्या खोलीतल्या मुली पोहून परत आल्या, तर गादी उघडी. त्या हसल्या. याकुमिस मात्र बहिणीवर खेकसला, "ताई, सुट्टीला आलीस ना? मग पोह, खा, झोप. पाहुण्यांच्या पलंगाला कशाला हात लावतेस?"

"मी नाही लावला."

"मग काय भुतानं लावला?"



मंगळवारी दोन नंबरची गादी उघडी. बुधवारी तीन. दोन्ही दिवशी तोच आवाज, दोरीवर त्या त्या खोलीची ओली चादर, त्याच गाठी.

गुरुवारी चार नंबर. त्या दिवशी दोरीवरच्या चादरीवर आकडाच नव्हता. दुकानातली नवी चादर.

"चार नंबरची आपली चादर कुठंय रे?" सेवास्तीनं विचारलं.

"पळवली कोणी पाहुण्यानं," याकुमिस म्हणाला. पण तिच्याकडे न बघता.

शुक्रवारी मात्र सगळ्या गल्लीची झोप उडाली. पाच नंबरमध्ये हेल्मूट नावाचा अगडबंब ऑस्ट्रियन होता. तो सव्वातीनला नुसत्या चड्डीवर अंगणात येऊन ओरडायला लागला.

"माझ्या अंगाखालची चादर काढली! मी झोपलेलो असताना!"

"साहेब, स्वप्न पडलं असेल," याकुमिस म्हणाला.

"स्वप्न? मला कुशीवर वळवलं तिनं! आजाऱ्याला वळवतात तसं... अलगद. म्हातारीचे हात होते. खरखरीत. साबणाचा वास येत होता. एका कुशीवर वळवलं, मग दुसऱ्या. मला वाटलं माझी आईच. मला आई नाही!"

बोलता बोलता तो धिप्पाड माणूस रडायला लागला. कोणालाच हसू आलं नाही.

सेवास्तीच्या अंगावर काटा आला. पण भीतीपेक्षा तिला दुसरंच काही कळत होतं. एक, दोन, तीन, चार, पाच... आई खोल्या तपासत होती. पलंग उलगडून बघत होती. काहीतरी शोधत होती.

ती तडक शेजारच्या कालिना मावशीकडे गेली. अर्गिरोला शेवटची आंघोळ तिनंच घातलेली.

"मावशी, आईला झालरीच्या चादरीतच नेलं ना?"

म्हातारीनं तोंड फिरवलं. "मी मागितली गं. दोनदा मागितली. तुझा भाऊ म्हणाला, सापडत नाही. खोलीतली एक जुनी आणून दिली. लाल आकडा होता तिच्यावर. मी तो आत दुमडला. लोकांना दिसू नये म्हणून."

"कुठला आकडा?"

"चार."

सेवास्तीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मभर ज्या बाईनं दुसऱ्यांच्या चादरी धुतल्या, तिला जातानाही भाड्याच्याच खोलीची चादर!

याकुमिस अंगणात कलिंगड कापत होता.

"झालरीची चादर कुठंय?"

त्यानं सुरी खाली ठेवली नाही. "सहा नंबरच्या पलंगावर. पाहुण्यांना असलं जुनं आवडतं. फोटो काढतात."

"ती आईची होती!"

"मेलेल्या माणसाला झालर कशाला, ताई? तीन वर्षांनी रिवाजाप्रमाणे कबर उघडून हाडं काढताना चिंधीच निघणार. मातीत घालण्यापेक्षा चार लोकांनी बघितलेली काय वाईट?"

"आत्ताच्या आत्ता काढून दे."

"सहा नंबरवाले आत आहेत. आणि काढून करणार काय? कबर उकरणार?"

  दुसऱ्या दिवशी चाळिसावा. जीव निघायचा, तोही त्या आकड्याच्या चादरीत. ती रात्रभर खाटेवर बसून रडली. रागानं.

शनिवारी सकाळी तिनं आणि कालिना मावशीनं दोघींनीच गहू शिजवले. साखर, बदाम, डाळिंबाचे दाणे. पाद्रीबाबांच्या हातापाया पडून कबरीजवळ प्रार्थना करून घेतली. सेवास्तीनं मातीवर पांढरी फुलं ठेवली, दिव्यात तेल घातलं. याकुमिस आला नाही. नाश्ता द्यायचा होता त्याला.

तिनं मनाशी ठरवलं होतं. दुपारी सहा नंबरवाले समुद्रावर गेले की चादर काढायची आणि निदान कबरीवर अंथरायची.

तीनला ती आईच्या किल्ल्या घेऊन निघाली. दार उघडलं.

गादी उघडी होती.

खोलीत हिरव्या साबणाचा वास.

आणि परसातून... छप्... छप्...

ती धावली. तिला आईला बघायचं होतं. एकदाच. "आई, थांब!" म्हणून ती ओरडलीसुद्धा.

आवाज बंद.

हौद ओला. दोरीवर एक चादर, दोन्ही टोकांना गाठ मारलेली, पाणी टपटपत असलेली. सेवास्तीला वाटलं झालरीचीच. तिनं कड हातात घेतली...

झालर नव्हती.

जुनी, साधी चादर. मध्यभागी मेणाचा पिवळा थेंब. धुऊनही न निघालेला धुपाचा वास. शिवणीत थोडी लाल माती. आणि आत दुमडलेला कोपरा.

तिनं तो उलगडला. ४.

तेवढ्यात मागून याकुमिस आला. त्यानं चादर पाहिली, आकडा पाहिला.  छातीवर क्रूस काढायला उचललेला हात तसाच राहिला.

सेवास्ती अनवाणी कबरस्तानात गेली. रस्ता तापलेला, पायाला फोड आले. कबर तशीच होती. मातीचं ढेकूळही हललेलं नव्हतं. सकाळची फुलं जागच्या जागी. दिवा तेवत होता.

झालरीची चादर त्या घरात पुन्हा कोणाला दिसली नाही.

तिला वाटलं, झालं. आईला तिचं मिळालं. त्या दिवशी ती रडली, पण शांतपणे.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायलाच बसले नसते.

पुढच्या जुलैत वर्षाच्या प्रार्थनेला ती पुन्हा गेली. या वेळी याकुमिसनं खोली दिली. दोन नंबर. बोटीनं शिणलेली ती दुपारी जेवून आडवी झाली.

झोपेत कोणीतरी तिला कुशीवर वळवलं.

अलगद... खरखरीत हातांनी.

तिनं डोळे उघडले नाहीत. "आई?"

हात थांबले. तिच्या केसांवरून एकदा फिरले. मग अंगाखालची चादर ओढली जाऊ लागली. हळू नाही. हिसडे देऊन. रागानं.

ती उठली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. अर्धी चादर जमिनीवर. मधे मेणाचा पिवळा डाग.

तिनं कोपरा उलटला, ४ दिसला, आणि तशीच अंगणात जाऊन चादर भावाच्या तोंडावर फेकली. पाहुण्यांसमोर.

"ही तू परत खोल्यांमध्ये घातलीस?"

"तीनदा उकळलीय," याकुमिस म्हणाला. "चांगली चादर फेकून द्यायची का?"

ती त्याच्या अंगावर धावून गेली, पण त्यानं चादर उचलून कपाटात कोंबली आणि कुलूप लावलं. संध्याकाळच्या बोटीनं सेवास्ती परतली.

आता येत्या जुलैत आईला जाऊन तीन वर्षं होतील. कबर उघडतील, हाडं वाइनमध्ये धुतील. सेवास्ती म्हणते, मी जाणार नाही. आत झालर दिसली तरी भीती, नाही दिसली तरी भीती.

दुपारी तीनला आता तीही झोपत नाही, मीही नाही.

नाव लिहायचं नाही, हा शब्द मी पाळला. म्हणून इतकंच सांगते. त्या समुद्राकडे सुट्टीला गेलात, दुपारी जेवून पांढऱ्याशुभ्र चादरीवर आडवं व्हायची वेळ आली, तर आधी तिचा कोपरा उलटून बघा. कपाटातून पुन्हा बाहेर निघालेली ती चादर यंदा कुठल्या खोलीत आहे, ते याकुमिसलाही आता आठवत नाही.