न वाळलेली जागा

गिटार दुरुस्त करायला म्हाताऱ्या सुतारानं मागची खोली निवडली. खोली कोरडी होती, खिडकीतून सरळ उजेड येत होता. त्यानं तारा काढल्या, तारा जिच्यावर टेकतात ती उखडलेली घोडी सरस लावून शिकंज्यात आवळली आणि जुनं वार्निश खरवडायला घेतलं.

गिटार जावयाची. तो जाऊन वर्ष होत आलं होतं. जिवंत होता तोवर कधी वेळेवर घरी आला नाही. आता मेल्यावर घर सोडायचं नाव नाही. लेक दिवसभर ते लाकूड मांडीवर घेऊन बसायची. जेवायला हाक मारली तरी ओ देत नसे. गिटार कुणाला देऊन टाकू म्हटलं की एकच बोलायची.

"जुनी आहे तोवर त्याची आहे, अण्णा. नवी करून दाखवा, मग द्या कुणालाही."

"दाखवतो," म्हातारा म्हणाला.

वाजवताना जावयाचा हात जिथं टेकायचा, तिथं घामाचा काळपट पट्टा पडला होता. म्हाताऱ्यानं तो दातओठ खाऊन घासला. लाकूड पांढरं निघालं. त्यावर वार्निशचा हात दिला, धूळ बसू नये म्हणून खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं.

सकाळी गिटार आरशासारखी चमकत होती. तेवढा पट्टा सोडून. ओल्या वार्निशवर कुणी हात टेकून उचलावा, तसा तो मंद दिसत होता.

"कुलूप कशाला काढलंस?"

"मी तिकडं फिरकलेसुद्धा नाही," लेक भांडी घासता घासता म्हणाली.

"मग काय, मांजरानं किल्ली लावली?"

तिनं पुढचं भांडं घासायला घेतलं. तिच्या त्या थंडपणाचाच त्याला जास्त राग आला.

त्यानं पुन्हा घासलं, पुन्हा हात दिला, आणि रात्री खाट दाराला लावून आडवा झाला. सकाळी पट्टा होताच. चष्मा पुसून त्यानं जवळून पाहिलं. वार्निशात केस अडकले होते. आखूड, काळे, हातावरचे. म्हाताऱ्याच्या हातावरचे केव्हाच पिकले होते.

तो घाबरला असता, पण राग आधी आला. "ऐतखाऊ," तो गिटारीला म्हणाला. "आयुष्यभर पोरीला रडवलंस. आता हात काढ तुझा."

खरखरीत कागद घेऊन तो रेटून घासू लागला. केस गेले, वार्निश गेलं, भुगा उडू लागला. खोलीत लाकडाचा वास यायला हवा होता. येत होता तो घामाचा.

"अण्णा..." लेक दारात उभी होती. "हळू... त्याला लागतंय."

"मेलेल्याला काय लागतंय."

फळी बोटाखाली लवायला लागली तेव्हाच तो थांबला. शेवटचा हात दिला आणि समोर स्टूल टाकून डोळ्यांत तेल घालून बसला. जेवायलाही उठला नाही. उन्हं उतरली तेव्हा वार्निश बोटाला चिकटेनासं झालं. डाग नव्हता.

गिटार घेऊन तो बाहेर आला. "बघ. नवी झाली की नाही?"

लेकीनं ती उलटसुलट करून पाहिली. "झाली. आता द्या कुणालाही," ती म्हणाली, आणि वर्षात पहिल्यांदा हसली. "बसा, जेवायला वाढते."

ती पाठमोरी झाली. तिच्या खांद्यावरून मानेमागे वार्निशचा ओला पट्टा गेला होता, हाताएवढा रुंद. त्यात आखूड काळे केस चिकटले होते.

स्वयंपाकघराकडे ती सावकाश चालत गेली. किंचित एका बाजूला कलून, शेजारच्याचा भार पेलत चालावं तशी.