भिवाकाकांचं कुलूप

पटो न पटो, हे खरोखर घडलंय. ज्याच्या बाबतीत घडलं तो प्रीतम कोपरला आमच्याच मजल्यावर राहतो.

गेल्या मे महिन्यातला शनिवार. टळटळीत दुपार. कल्याणच्या पुढे एका गावाच्या टेकडीवर तीन छोट्या पवनचक्क्या आहेत. तिथे देखभालीच्या कामावर प्रीतम एकटाच होता.

एकटाच, कारण त्याचे जोडीदार भिवाकाका दोन महिन्यांपूर्वी गेले होते.

काम तसं सरळ. वाऱ्याने पाती फिरतात, त्यांच्यासोबत जनित्रातली चुंबकं फिरतात आणि तारांत वीज येते. वर चढायचं तर आधी खाली ब्रेक लावायचा, त्यावर आपलं कुलूप घालायचं, किल्ली खिशात. कुलूप दिसलं की समजायचं, माणूस वर आहे.

काका गेले त्या दिवशी प्रीतमच म्हणालेला, "काका, दोन मिनिटांचं काम. कुलूप कशाला? मी आहे ना खाली!"

मग त्याला फोन आला. बोलण्याच्या नादात काका वर आहेत हेच तो विसरला. वारा सुटला. ब्रेकवर कुलूप नव्हतं...

त्याने ब्रेक सोडला.

आणि सगळ्यांना सांगितलं, काकाच कुलूप लावायला विसरले. गावाने बिचाऱ्यांना मेल्यावरही निष्काळजी ठरवलं. त्यांची बायको तुळसाकाकी मान खाली घालून ऐकत राहिली. काकांचं हिरव्या दोऱ्याचं पितळी कुलूप तिने अस्थींबरोबर नदीत सोडलं. प्रीतम तेव्हा शेजारीच उभा होता.

त्या शनिवारी मधल्या चक्कीला तेल घालून तो उतरला. आपलं कुलूप काढलं. घोटभर पाणी प्यायला आणि ब्रेक सोडायला वळला.

ब्रेकवर कुलूप होतं.

पितळी. हिरवा दोरा बांधलेलं.

ओलं...

वर शिडी वाजली. एकदाच.

प्रीतम पळाला तो थेट काकीच्या दारात. रडत रडत सगळं सांगून टाकलं. काकीने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो अजून म्हणतो.

मग ती टेकडी चढली. खांबाखाली उभी राहून वर बघत म्हणाली, "आता उतरा. याने सगला सांगितला. तुमची चूक नव्हती."

शिडी वाजू लागली... एकेक पायरी. खाली येत.

मग कुलूप आपोआप उघडून पडलं.

काकीने ते पदरात घेतलं. "चला घरी," म्हणाली. प्रीतमला नाही. त्याच्याकडे तिने बघितलंही नाही. पायवाटेने जाताना ती कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती.

गावालाही प्रीतमने खरं सांगितलं. तरी ब्रेक सोडण्याआधी तो आजही वर बघून हाक मारतो, "काका, आहात का?"

उत्तर येत नाही. पण त्याचा हात लगेच पुढे होत नाही...